शिफारस झाली, मुलाखत झाली; पुढे काय?

“आम्ही आपणांस कळवू.” मुलाखत घेणारे साहेब उमेदवाराला निरोप देताना हे तीन शब्द उच्चारतात, आणि त्या क्षणापासून एका घरातील दिवस निराळ्या रीतीने मोजले जाऊ लागतात. आज सोमवार, मुलाखत होऊन अकरा दिवस झाले. आज गुरुवार, चौदा झाले. आई देवघरापुढील मेणबत्ती लावताना मनाशी हिशेब करते, वडील काही बोलत नाहीत, आणि मुलगा रात्री वीज आल्यावर उसाला पाणी पाजावयास जातो तोही दूरध्वनी खिशात घेऊनच.

आपल्या बोरगावच्या परिसरात हा अनुभव आता घरोघरचा झाला आहे. ऊस आणि तंबाखू यांवर सर्व भावंडांचे भागावे असे दिवस राहिलेले नाहीत. मुले पदविका घेतात, आयटीआयचा दाखला मिळवतात आणि मग इचलकरंजीचे माग, कागल व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती, बेळगावचे ओतकामाचे कारखाने, त्याही पलीकडे पुणे आणि बंगळूर यांच्याकडे त्यांची दृष्टी लागते. अशा प्रत्येक ठिकाणी आपले कोणी ना कोणी आधीच जाऊन पोहोचलेले असते. कोणाचा मामेभाऊ, कोणाचा वर्गमित्र, कोणाच्या स्नानसंस्काराच्या वेळचा धर्मपिता. “तुमच्या कारखान्यात आमच्या पोराचं बघा की,” असे त्याला सांगितले जाते. तो नाव सुचवतो, मुलाखतीचे बोलावणे येते, मुलगा इस्त्रीचा सदरा घालून जाऊन येतो, आणि त्यानंतर जी शांतता पसरते, तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याचा विचार आहे. कारण नोकरी न मिळाल्याने जेवढी घरे दुखावतात, त्याहून अधिक घरे या शांततेने एकमेकांपासून दुरावलेली मी पाहिली आहेत.

प्रथम ही व्यवस्था कशी चालते हे आईबापांनी नीट समजून घ्यावे. पूर्वी आपण जिला चिठ्ठी देणे म्हणत असू, तिला आता पुष्कळ कंपन्यांनी रीतसर स्वरूप दिले आहे. जागा रिकामी झाली म्हणजे कंपनी आपल्याच नोकरवर्गास विचारते की, तुमच्या माहितीत कोणी योग्य माणूस आहे काय? ज्याच्या माहितीत असेल तो संगणकावर त्या माणसाचे नाव व माहितीपत्रक भरून देतो. पुढे त्या माणसाची निवड होऊन तो ठरावीक महिने टिकला, तर पुष्कळ ठिकाणी नाव सुचवणाऱ्यास काही रक्कम बक्षीस म्हणून मिळते. कंपनीचे यात हित असे की जाहिरातीचा खर्च वाचतो आणि ओळखीने आलेला माणूस सहसा लवकर सोडून जात नाही. यात लबाडी काहीच नाही. उमेदवार नातेवाईक असेल तर तसे स्पष्ट सांगावे, एवढीच अट अनेक ठिकाणी असते.

मात्र नाव सुचवणाऱ्याचे काम येथेच संपते, ही गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. फाटकापर्यंत त्याने आणून सोडले. मुलाखतीच्या खोलीत तो नसतो. निर्णय होतो त्या बैठकीतही त्याला खुर्ची नसते. आणि निर्णय काय झाला हे पुष्कळदा त्याला उमेदवाराच्याही नंतर कळते.

उत्तर लांबते त्याचीही कारणे असतात. बारा उमेदवार बोलावलेले असतात आणि आपला मुलगा तिसरा असतो. शेवटच्याची मुलाखत होईपर्यंत कोणासच काही सांगत नाहीत. कधी जागेस वरच्या कचेरीची मंजुरी येणे राहिलेले असते. कधी जागाच रद्द होते. परंतु सर्वांत अधिक घडणारी आणि आपल्याला सर्वांत कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की, आपला मुलगा दुसऱ्या क्रमांकावर असतो. ज्याला पहिली पसंती मिळाली तो दुसरीकडे नोकरीत असतो. तेथील राजीनाम्यानंतर त्याला महिना, दोन महिने, क्वचित तीन महिने थांबावे लागते. आणि एवढ्या अवधीत तो मन बदलेल की काय याची खात्री कंपनीस नसते. म्हणून दुसऱ्यास ‘हो’ही म्हणत नाहीत आणि ‘नाही’ही म्हणत नाहीत. तो पाटावर वाढून ठेवलेल्या ताटासारखा झाकून ठेवला जातो. कंपनीच्या दृष्टीने ही सावधगिरी असेल. मला ती न्यायाची वाटत नाही. दोन ओळींचा निरोप धाडण्यास आज पोस्टाचे कार्डही लागत नाही. तरीही ‘नाही’ म्हणण्याचा कंटाळा थोरामोठ्या कचेऱ्यांतून सर्रास केला जातो.

या शांततेचे ओझे कंपनीवर मात्र पडत नाही. ते नाव सुचवणाऱ्याच्या उंबऱ्यावर येऊन पडते. आपल्या धर्मग्रामातील दोन घरांची हकीकत सांगतो. नावे अर्थातच सांगणार नाही. एका घरचा मुलगा यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेला. त्याच्या चुलत्याच्या घरचा थोरला मुलगा एका कारखान्यात सात वर्षे नोकरीस. त्याने धाकट्याचे नाव सुचवले. मुलाखत चांगली झाली. साहेबांनी हसून हस्तांदोलन केले, घरचे विचारले. त्यानंतर तीन आठवडे काही नाही. मग पाचवा गेला. धाकट्याच्या आईने एके दिवशी मिस्सा संपल्यावर मला सांगितले, “त्यानं मनावर घेतलं असतं तर झालं असतं, फादर. त्याचा साहेब त्याच्या शब्दाबाहेर न्हाई.” हे तिला कोणी सांगितले होते? कोणीच नाही. तिच्या मनाने ते रचले होते. आणि एकदा रचल्यावर त्यावर ती रोज एक वीट चढवीत होती. चुलत घरच्या बारशाला ती गेली नाही. देवळात नेहमीच्या बाकावर बसणे तिने सोडले.

थोरला मला काही दिवसांनी भेटला. तो म्हणाला, “मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का? कचेरीत दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा गेलो तर माझंच नाव खराब व्हायचं. आता घरी यायचीच भीती वाटते. काकू विचारणार, आणि माझ्याकडे उत्तर नाही.” म्हणजे एक घर रागावून गप्प होते आणि दुसरे लाजेने गप्प होते. सातव्या आठवड्यात दोन ओळींचा निरोप आला की जागा भरली गेली आहे. धाकट्याने पुढे इचलकरंजीत काम धरले. नोकरी हुकल्याचे दुःख त्या पावसाळ्यातच विरले. पण त्या दोन घरांतील अबोला पुढल्या नाताळापर्यंत टिकला.

काकूंचा हा संशय केवळ स्वभावदोष आहे असे मी मानत नाही. त्याला इतिहास आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी शब्द टाकणाऱ्याच्या हाती खरोखरच सत्ता होती. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतून जी माणसे मुंबईच्या कापड गिरण्यांत गेली, त्यांना कामावर घेणारा गिरणीचा मालक नव्हता. घेणारा होता जॉबर, ज्याला आपली माणसे मुकादम म्हणत. तो आपल्या गावची, नात्यागोत्याची माणसे आणी, खात्यात लावी, मनात आले तर काढूनही टाकी. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी एका दिवसापुरता जो घ्यावयाचा, तो बदली कामगार. असे बदलीवाले पहाटे गिरणीच्या फाटकाशी उभे राहात. भोंगा वाजे, आत जाणारे आत जात, मुकादम बाहेर येई आणि उरलेल्यांवरून नजर फिरवून दोघाचौघांना खुणावी. ज्यांना खूण झाली नाही ते खोलीवर परत जात आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा येत. त्या एका खुणेसाठी मुकादमाला पैसे चारावे लागत, सणाला भेट न्यावी लागे. १९३१ साली रॉयल कमिशनने हिंदुस्थानातील कामगारांविषयीचा आपला अहवाल दिला, त्यात ही लाचलुचपत स्पष्ट नमूद करून, माणसे नेमण्याचा व काढण्याचा अधिकार मुकादमाच्या हातून काढून घ्यावा असे सुचवले. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदलीवाल्यांना नोंदणीची कार्डे देण्याची पद्धत सुरू केली, म्हणजे कार्ड असलेल्यालाच सकाळी बोलवावे व काम मिळावे. १९५० साली सरकारी नोंदणीची योजना मुंबईत आली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मोठ्या संपानंतर गिरण्यांचे ते जगच हळूहळू मिटले.

गिरण्या गेल्या, पण मुकादम आपल्या मनातून गेला नाही. कागलच्या कारखान्यात यंत्रावर उभा राहणारा आपलाच पुतण्या आपल्याला मुकादम वाटतो. त्याने खूण केली नाही म्हणून आपला मुलगा फाटकाबाहेर राहिला, असे आपण धरून चालतो. ज्याच्या हाती सत्ता होती त्या मुकादमाला आपल्या पूर्वजांनी भेटी नेऊन दिल्या. ज्याच्या हाती काहीच नाही त्या पुतण्याशी आपण बोलणे टाकतो! हा न्याय उलटा आहे.

गिरणगावाच्या त्याच मुंबईत वाट पाहण्याची आणखी एक रीत होती आणि ती आपल्या धर्मबंधूंचीच होती. गोव्याहून आगबोटीवर नोकरी शोधण्यास येणारे ख्रिस्ती लोक धोबी तलाव, माझगाव या भागांत ‘कूड’ नावाच्या जागांत उतरत. प्रत्येक कूड एकेका गावाची, त्या गावच्या आश्रयदात्या संताच्या नावाची. धोबी तलावाच्या जेर महाल या जुन्या इमारतीत अशा कितीतरी कुडी होत्या. भिंतीला लागून ज्याची त्याची पेटी, त्या पेटीपाशीच झोपावयाचे, आणि खोलीच्या एका बाजूस वेदी. एक सफर संपवून आलेला खलाशी किंवा खानसामा दुसरी बोट मिळेपर्यंत येथे आठवडे, महिने काढी. बोटीवर लावून देणारे सारंग व दलाल पैसे उकळीत. त्यास आळा घालण्यासाठी १९५८ च्या व्यापारी जहाज कायद्याने नाविकांची सरकारी नोकरी-कार्यालये मान्य केली आणि नोकरी लावून देण्याबद्दल नाविकाकडून मोबदला घेण्यास मनाई केली. पण मला या कुडींचे महत्त्व वाटते ते दुसऱ्याच कारणासाठी. रोज रात्री ठरलेल्या वेळी तेथे सर्वांनी मिळून जपमाळ म्हणावयाची असा नियम असे. ज्याला उद्या बोट मिळणार आहे तो आणि ज्याला तीन महिने मिळालेली नाही तो, दोघे एकाच वेदीपुढे गुडघे टेकीत. रिकामा माणूस तेथे लपून बसत नसे, कारण तेथे सगळेच केव्हा ना केव्हा रिकामे असत. आपल्या गावात मात्र नोकरीची वाट पाहणारा मुलगा पारावर यावयाचेच सोडतो, “झालं का रे तुझं?” या प्रश्नाला तो भितो. हा प्रश्न विचारणे आपण काही दिवस थांबवले तर त्याच्यावर मोठे उपकार होतील.

पवित्र शास्त्रातही शिफारस आहे, आणि तिच्यानंतरची शांतताही आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफ निरपराध असून तुरुंगात पडलेला आहे. त्याच तुरुंगात फारो राजाच्या प्यालेबरदारांचा नायक येतो. योसेफ त्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगतो की तीन दिवसांत तू आपल्या जागी परत जाशील. आणि लगेच विनंती करतो की, तुझे बरे झाले म्हणजे फारोपाशी माझी आठवण काढ. तिसऱ्या दिवशी तो मनुष्य राजवाड्यात परत जातो, राजाच्या हाती प्याला देतो, आणि योसेफाला विसरतो. पुढला अध्याय उघडतो तो पुरती दोन वर्षे लोटल्यावर.

या दोन वर्षांविषयी शास्त्र मौन पाळते. पण त्याआधीच्या अध्यायात एक गोष्ट सांगितलेली आहे. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सर्व बंदिवानांची व्यवस्था योसेफाच्या हाती दिली होती. म्हणजे निरोपाची वाट पाहणारा हा तरुण कामात होता. पुढे फारोला स्वप्न पडले आणि प्यालेबरदाराला एकदम त्याची आठवण झाली. योसेफाने दाढी केली, वस्त्रे बदलली आणि तो राजापुढे उभा राहिला. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. आपल्या सध्याच्या भाषेत ही त्याची मुलाखतच म्हणावयाची. त्या दिवशी त्याचा उपयोग झाला तो शिफारशीमुळे नव्हे, तर माणसे व धान्य यांची व्यवस्था लावण्याची बुद्धी त्याच्याजवळ होती म्हणून; आणि त्या बुद्धीला त्याने तुरुंगातही गंज चढू दिला नव्हता. आणखी एक गोष्ट: पुढे सत्ता हाती आल्यावर त्याने त्या विसरभोळ्या प्यालेबरदाराला जाब विचारला असे कोठे लिहिलेले नाही.

शिफारस कशी करावी हे पाहावयाचे असेल तर संत पौलाने फिलेमोनास लिहिलेले पत्र वाचावे. एका पानाचे पत्र आहे. जेवणापूर्वी वाचून होईल. अनेसिम नावाचा दास आपल्या धन्यापासून, म्हणजे या फिलेमोनापासून, दूर गेलेला आहे. पौल त्याला परत धाडतो आणि सोबत ही चिठ्ठी देतो. त्यात तो त्या माणसाचे मागचे लपवीत नाही. पूर्वी तो निरुपयोगी होता हे सांगूनच आता उपयोगी झाला आहे असे म्हणतो. त्याने काही देणे लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड, असे स्वतःच्या हाताने लिहून देतो. आणि एवढा मोठा प्रेषित असूनही फिलेमोनावर दडपण आणीत नाही. तुझ्या संमतीवाचून काही करावे असे मला वाटले नाही, अशा अर्थाचे लिहितो. खरे बोलणे, स्वतः जबाबदारी घेणे आणि निर्णय ज्याचा त्याच्यावर सोडणे, अशी ही शिफारस. आपल्यापैकी जे कारखान्यांतून नावे सुचवतात त्यांनी ‘नाही’ म्हणता येत नाही म्हणून वाटेल त्याचे नाव पुढे करू नये. मुलगा आळशी असेल तर त्याच्या आईला ते हळूच सांगावे. चहा मिळणार नाही कदाचित, पण पुढचा अबोला वाचेल.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. खासगी कंपनीने स्वतः मागितलेली शिफारस वेगळी आणि सरकारी नोकरीतला वशिला वेगळा. लोकसेवा आयोगांच्या जाहिरातींत स्पष्ट लिहिलेले असते की वशिला लावणारा उमेदवार अपात्र ठरेल. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या खालच्या श्रेणींच्या पदांसाठी मुलाखतच बंद केली, ती याच कारणाने. तेथे लेखी परीक्षा हाच मार्ग. आमदारांच्या चिठ्ठीसाठी खेटे घालणे वेळेचा व पैशाचा नाश होय. आणि नोकरी सरकारी असो वा खासगी, “निकाल अडला आहे, अमुक रक्कम भरा म्हणजे सुटेल,” असा निरोप कोणाकडूनही आला तर तो ठकाचा समजावा. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे मागत नाही. वाट पाहून कासावीस झालेले घर अशा निरोपाला फार लवकर भुलते; शेत गहाण टाकून बसलेली माणसे मला भेटलेली आहेत.

मग उमेदवाराने करावे तरी काय? मुलाखतीच्या खोलीतून उठण्यापूर्वीच नम्रपणे विचारावे की निर्णय साधारण केव्हापर्यंत होईल. हे विचारणे उद्धटपणाचे नाही. घरी आल्यावर दोन ओळींत आभार लिहून धाडावे. सांगितलेली तारीख टळून आठवडा गेला म्हणजे एकदा, कंपनीलाच, थोडक्यात लिहून विचारावे. आणखी पंधरवड्याने पुन्हा एकदा. त्यानंतरही मौनच असेल तर ती जागा मनाने सोडून द्यावी. पुढे बोलावणे आलेच तर आनंदाने जावे. या सर्व काळात इतर अर्ज थांबवू नयेत. एका मुलाखतीच्या भरवशावर बाकीची दारे लावून घेणारे तरुण मी पाहतो तेव्हा मला त्यांची काळजी वाटते. नाव सुचवणाऱ्याला रोज दूरध्वनी करू नये. आईवडिलांनी तर मुळीच करू नये. संत योसेफाची नोव्हेना अवश्य करावी. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफाचा म्हणून नेमून दिला, तो आपल्यासारख्यांसाठीच. परंतु नोव्हेना हा वशिला नव्हे. दहाव्या दिवशी पत्र आले नाही म्हणून संताशीही अबोला धरणारे लोक आहेत!

आणि ज्यांनी नाव सुचवले त्यांनी लपू नये. काही कळले नसेल तर “काही कळले नाही” एवढेच येऊन सांगावे. नकार आला तर तो दूरध्वनीवर न सांगता त्या घरी जाऊन, बसून सांगावा. ज्या दोन घरांची हकीकत वर दिली, तेथे थोरला शेवटी गेला, तो माझ्या आग्रहावरून नाताळाच्या आदल्या संध्याकाळी. काकू प्रथम आतच राहिली. मग चहा आला. चहात साखर जरा जास्तच होती, असे तो मला मागाहून म्हणाला.

येत्या नाताळाच्या सुट्टीत कागल, इचलकरंजी, पुणे व बंगळूर येथे नोकरीस असलेले आपल्या धर्मग्रामातील काहीजण गावी येतील. नाताळानंतरच्या पहिल्या रविवारी मिस्सा झाल्यावर ते देवळाशेजारील खोलीत तासभर बसावयास तयार आहेत. आपापल्या कारखान्यात कोणत्या जागा निघतात, मुलाखतीत काय विचारतात आणि कोणाचे नाव ते सुचवू शकतील वा शकणार नाहीत, हे ते मोकळेपणाने सांगतील. मुलांनी गुणपत्रकांच्या प्रती व माहितीपत्रक सोबत आणावे. आईवडिलांनीही यावे, बाके पुरेशी आहेत.